पेट्रोल वाचले, पैसा कुठे गेला?
उपनगरातील कारागिराच्या मोटारसायकलीचा हिशेब

मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली आणि उपनगरातील आपल्या कारागीर बांधवांचे पाय बांधले गेले. जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील लोकांना डब्यात जागा मिळू लागली. पण शिंपी, सुतार, वेल्डर, फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा यांना अत्यावश्यक कोण म्हणणार? १ फेब्रुवारी २०२१ रोजी ठरावीक वेळांपुरती सर्वांना मुभा मिळाली, एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद झाले आणि दोन्ही लसी घेतलेल्यांसाठी ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी उघडले. या दीड वर्षात ज्याला दूरच्या कामावर पोहोचायचे होते, त्याने जमेल तशी मोटारसायकल काढली. कुणी नवी घेतली, कुणी जुनी, बहुतेकांनी फायनान्सवर. आणि नेमक्या त्याच दिवसांत, २९ मे २०२१ रोजी, मुंबईत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले.

लोकल पुन्हा सुरू झाली, पण मोटारसायकल दारात राहिली. आज आपल्या वस्त्यांत, दुकानांच्या फळीवर आणि नमाजनंतरच्या गप्पांत एकच वाक्य ऐकू येते : गाडी घेतली, पेट्रोल वाचते, वेळ वाचतो, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. हे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटले. पेट्रोल वाचत असेल तर तो पैसा कुठेतरी दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तो कुठून गळतो ते शोधले पाहिजे. आजच्या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत. वाचक बंधूंनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, कारण आकडे आमचे आहेत, पण हिशेब प्रत्येकाला आपला स्वतःचा करायचा आहे.

आधी भावाची गोष्ट. पूर्वी पेट्रोलचा भाव सरकार ठरवीत असे आणि वाढ झाली की वर्तमानपत्रात मोठी बातमी येई. जून २०१० मध्ये पेट्रोलवरील सरकारी नियंत्रण उठले आणि १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलण्याची पद्धत आली. रोज दहा-वीस पैसे वाढले तर कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत लिटरला १२० रुपयांच्या वर भाव गेला, तेव्हा मात्र सर्वांच्या लक्षात आले. मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलैमध्ये राज्याने कर कमी केला, मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले आणि जुलै २०२४ मध्ये राज्याने मुंबई परिसरातील कर थोडा घटविल्यावर भाव १०३ रुपयांच्या पुढे येऊन थांबला. सोयीसाठी आम्ही लिटरला १०४ रुपये धरतो. आपल्या पंपावर आज जो भाव असेल तो आपण घालावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुलुंडला राहणारा एक फॅब्रिकेशनचा कारागीर आहे आणि त्याचे काम मरोळला आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाने भांडुप, कांजूरमार्ग, मग गांधीनगरहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळून पवई आणि तेथून मरोळ. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर धरू. महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे महिन्याला ८३२ किलोमीटर.

हा कारागीर शेठच्या किंवा भावाच्या जुन्या कारने जात असेल आणि पवईच्या गर्दीत ती कार लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर महिन्याचे पेट्रोल ७,२११ रुपयांचे. शंभर सीसीची मोटारसायकल त्याच रस्त्यावर लिटरला ५० देत असेल तर १,७३१ रुपये. फरक साधारण ५,४८० रुपयांचा. रिक्षाने पूर्ण प्रवास करणारा तर कुणी नसतोच, पण फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने (पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे) तो खर्च महिन्याला चौदा हजारांच्या पुढे जातो. कार आणि रिक्षाच्या तुलनेत मोटारसायकल स्वस्त आहे, याबद्दल वाद नाही.

पण आपल्यापैकी किती जण मोटारसायकल घेण्यापूर्वी कारने जात होते? बहुतेक लोकलने जात होते! मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि घाटकोपरहून मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटरचा मार्ग, १२ स्थानके, आणि ज्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आपल्या साकीनाक्याच्या कारखानदारांचे आयुष्य हॉर्न ऐकण्यात गेले त्याच्या डोक्यावरून ती जाते. मेट्रोला एका बाजूचे २० किंवा ३० रुपये आणि लोकलचा महिन्याचा पास दोन-सव्वादोनशे रुपये धरला, तर सगळे मिळून साडेबाराशे ते पावणेअठराशे रुपये होतात. म्हणजे मोटारसायकलच्या नुसत्या पेट्रोलइतकेच, किंवा त्याहून कमी.

आणि मोटारसायकल नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. ऑइल, टायर-ट्यूब, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, क्लच केबल, प्लग, पीयूसी, विमा. आमच्या अंदाजाने हा खर्च किलोमीटरला पाऊण रुपया तरी येतो, म्हणजे महिन्याला ६२४ रुपये. शिवाय गाडी झिजते. रस्त्यावर येईपर्यंत ९०,००० रुपये पडलेली गाडी सहा वर्षांनी ३०,००० ला गेली, तर ६०,००० रुपये ७२ महिन्यांत संपले. महिन्याचे ८३३. हे पैसे खिशातून रोज जात नाहीत म्हणून आपण ते मोजत नाही, पण ते जातातच. आता बेरीज करा : १,७३१, ६२४ आणि ८३३, एकूण ३,१८८ रुपये.

लोकल-मेट्रो सोडून मोटारसायकलवर आलेला आपला मुलुंडचा कारागीर महिन्याला निदान चौदाशे रुपये जास्त खर्च करीत आहे, आणि "पेट्रोल वाचते" असे सांगत आहे.

याचा अर्थ गाडी विका असा कुणी घेऊ नये. गाडीने त्याला तास-दीड तास मिळत असेल आणि त्या वेळात तो एक जास्तीचे काम करीत असेल, तर चौदाशे रुपये कुठल्या कुठे वसूल होतात. एसी दुरुस्त करणारा सकाळी बोरिवलीत, दुपारी गोरेगावात आणि संध्याकाळी विलेपार्ल्यात असतो. हत्यारांची पिशवी घेऊन त्याने तीन वेळा जिने चढावेत-उतरावेत असे कोण म्हणेल? बेकरीत काम करणाऱ्याला किंवा फुल-भाजीच्या व्यापाऱ्याला मध्यरात्रीनंतर, लोकल बंद असते त्या वेळेत निघावे लागते. त्यांची मोटारसायकल हे त्यांचे हत्यार आहे. पण जो सकाळी एका जागी जातो, दिवसभर तेथेच बसतो आणि रात्री परत येतो, त्याने पेट्रोल वाचते या समजुतीवर गाडी चालवू नये. त्याला आराम मिळतो, आणि आरामाची किंमत तो मोजतो आहे. आराम घेणे हराम नाही. फक्त त्याला बचत म्हणू नये.

मधला मार्ग

उपनगरात एक मधला मार्ग आहे आणि आमच्या मते बहुतेकांसाठी तोच फायद्याचा आहे : घरापासून स्टेशनपर्यंत मोटारसायकल, पुढे लोकल. मालवणीहून मालाड स्टेशन, मरोळहून अंधेरी, असल्फ्याच्या टेकडीवरून घाटकोपर. हे अंतर चार किलोमीटर धरले तर मीटरच्या रिक्षाला एका बाजूचे साधारण ६९ रुपये, महिन्याला ३,५८० च्या आसपास. मोटारसायकलला त्याच प्रवासाचे पेट्रोल ४३३ रुपयांचे. स्टेशनजवळच्या पे अँड पार्कचे पैसे धरले तरी खरी बचत होते. मात्र बेस्टच्या साध्या बसला मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये लागतात, म्हणजे महिन्याला ५२० रुपये. आपल्या गल्लीच्या तोंडाशी वेळेवर बस मिळत असेल, तर बसला तोड नाही. मिळत नसेल, तर मोटारसायकल.

मोहम्मद अली रोड, नळ बाजार, नागदेवी, अब्दुल रहमान स्ट्रीट, मंगलदास मार्केट येथे माल आणायला जाणाऱ्यांना तर आम्ही आग्रहाने सांगू की गाडी स्टेशनवर ठेवा. मुलुंड-बोरिवलीहून तेथे जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. साठ किलोमीटर धरले तरी दिवसाचे पेट्रोल सव्वाशे रुपयांचे. अशा तीन दिवसांच्या पेट्रोलमध्ये दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास निघतो. शिवाय दक्षिण मुंबईत दुचाकीला वाटा कमी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी, किनारा मार्गावर बंदी, आणि ज्या पुलाला आपल्या मखदूम अली माहिमींचे नाव आहे त्या जे. जे. उड्डाणपुलावरही २०१० पासून दुचाकीला बंदी आहे. अपघात इतके होत होते की ती बंदी चुकीची म्हणवत नाही. पण परिणाम असा की कारवाला वरून दोन-तीन मिनिटांत जातो आणि आपण खाली मोहम्मद अली रोडच्या हातगाड्यांतून पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर पेट्रोल जाळीत सरकतो. मस्जिद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून पायी जावे, माल मोठा असेल तर परतताना मालडब्यात चढावे. उपनगरातील जुने व्यापारी हेच करीत आले आहेत.

अॅव्हरेज कसा काढावा

आपली गाडी किती अॅव्हरेज देते, असे विचारले की कुणीही छातीठोकपणे साठ, सत्तर सांगतो. तो आकडा कंपनीच्या जाहिरातीतला असतो. एकेकाळी ही जाहिरात खरोखर क्रांतिकारक होती. आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लागत असे आणि बहुतेक दुचाक्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून धूर सोडणाऱ्या. हिरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली आणि लिटरला ८० किलोमीटरची भाषा सुरू झाली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि भारतातील नोकरदार व छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे शंभर सीसीची मोटारसायकल हे समीकरण ठरले. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे ताजे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जाते. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे यांचे फेरे वेगळे असतात, म्हणून ते वाया जात नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आले आणि कार्बुरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. म्हणजे गाडी सुधारत गेली. पण ऐंशीचा आकडा मोकळ्या, सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाचा असतो. साकीनाक्याच्या सिग्नलवर, मागे शंभर मीटर कापडाचा गठ्ठा बांधून तो येत नाही.

खरा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा काटा लिहून ठेवा. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. जितके लिटर बसले, त्याने चाललेल्या किलोमीटरला भागा. असे तीन वेळा करा आणि सरासरी घ्या. शंभर-शंभरचे पेट्रोल टाकणाऱ्याला आपला अॅव्हरेज कधीच कळत नाही. रोज शंभर टाकले की रोज शंभर संपतात, एवढेच त्याला कळते. आम्ही ही रीत पहिल्यांदा वापरली तेव्हा आमच्या गाडीचा आकडा साठ नव्हे, चव्वेचाळीस निघाला. मागचा ब्रेक घट्ट बसवलेला होता आणि चाक हाताने फिरवले तर अर्ध्या फेऱ्यात थांबत होते. कित्येक महिने आम्ही ब्रेक लावूनच गाडी चालवीत होतो!

म्हणून पहिली तपासणी हीच करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. ते मोकळे फिरले पाहिजे. मग चेन बघा. खालच्या बाजूने बोटाने दाबली तर दोन-तीन सेंटीमीटर हलावी. फार ताठ चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन झटके देते. पावसाळ्यात उपनगरातील चिखल आणि खड्ड्यांचे पाणी चेनचे ऑइल धुऊन नेते, तेव्हा आठवड्याला एकदा तरी पुसून ऑइल लावावे. टायरची हवा आठवड्याला एकदा, गाडी थंड असताना. मागे माल किंवा माणूस असेल तर मागच्या चाकात किती जास्त हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. हवा कमी म्हणजे टायर रस्त्याला चिकटतो आणि इंजिन तेवढे जास्त ओढते. एअर फिल्टर हा दुर्लक्षित भाग. मेट्रो आणि पुलांच्या कामांची धूळ, आणि आपल्या वर्कशॉपमधला लाकडाचा भुसा आणि ग्राइंडिंगची बुकणी, हे सगळे त्यात अडकते. लाकूडकाम करणाऱ्याने दारात, यंत्राशेजारी गाडी उभी करू नये.

बाकी सगळे हातात आणि पायात आहे. दोन बोटे सतत क्लचवर ठेवायची सवय, सिग्नल सुटण्याआधीच घुमवलेला अॅक्सिलेटर, पुढे लाल दिवा दिसत असताना शेवटपर्यंत वेग आणि मग करकचून ब्रेक. प्रत्येक ब्रेकमध्ये आपण नुकतेच जाळलेले पेट्रोल उष्णता करून फेकून देतो, असे समजा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करा. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, जी १९७८ मध्ये स्थापन झाली, ती अनेक वर्षे हेच सांगत आली आहे : मध्यम वेग, योग्य हवा, वेळेवर सर्व्हिसिंग. नवे काही नाही. पण ५० चे ५५ झाले तर आपल्या मुलुंडच्या कारागिराचे महिन्याला दीडशे-एक रुपये वाचतात, तेही एक पैसा न गुंतवता.

इथेनॉलबद्दल बरेच विचारले जाते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा कमी उष्णता असते, म्हणून अॅव्हरेज थोडा उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बनावटीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्क्यांची घट सांगितली आहे. म्हणजे ५० चे ४८. ज्याची गाडी ५० वरून ४० वर आली आहे, त्याने इथेनॉलला दोष न देता आधी गॅरेज गाठावे. गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या आणि वॉशर मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

पंपावर उभे राहताना मीटर शून्यावर आहे ना, हे पाहायला लाजू नये. शंका आली तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. आपले स्वतःचे गज आणि तराजूही त्याच सूरहखाली येतात, हे जाता जाता.

गळती नेमकी कुठे आहे

आता मुख्य मुद्दा. वर आम्ही ३,१८८ रुपयांचा हिशेब दिला, त्यात हप्ता धरलेला नाही. शोरूममध्ये आपल्या बांधवाला सांगितले जाते : वीस हजार भरा, गाडी घेऊन जा, व्याज फक्त दहा टक्के. ९०,००० पैकी ७०,००० कर्ज, मुदत तीन वर्षे, दर "फ्लॅट" दहा टक्के. म्हणजे वर्षाला ७,००० प्रमाणे तीन वर्षांचे २१,००० रुपये व्याज. फेड ९१,००० ची, हप्ता साधारण २,५२८ रुपयांचा.

या "फ्लॅट" शब्दात मेख आहे. आपण दरमहा मुद्दल फेडीत जातो, दीड वर्षाने निम्मेच्या आसपास कर्ज उरलेले असते, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ७०,००० वर लावलेले असते. उरलेल्या शिलकीवर व्याज मोजण्याच्या पद्धतीने पाहिले, तर हा दर दहा नसून अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. शिवाय प्रोसेसिंगचे पैसे आणि हप्ता चुकला की दंड वेगळा.

आता ते २१,००० पेट्रोलच्या शेजारी ठेवून पाहा. आपल्या कारागिराचे महिन्याचे पेट्रोल १,७३१ रुपये, वर्षाचे २०,७७२. व्याजाची रक्कम म्हणजे बरोबर एका वर्षाचे पेट्रोल! रोज सिग्नलला इंजिन बंद करून, हवा भरून, चेन पुसून महिन्याला दीडशे रुपये वाचवणारा माणूस हे २१,००० भरून काढायला अकरा-बारा वर्षे घेईल. पेट्रोल वाचले आणि पैसा कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

व्याज देणे-घेणे दोन्ही निषिद्ध आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण "काय करणार, दुसरा मार्ग नाही" हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. मार्ग आहेत, फक्त त्यांना सहा महिन्यांचा सबूर लागतो.

पहिला मार्ग भिशीचा. एकमेकांना ओळखणारे पंधरा जण, दरमहा पाच-पाच हजार, आणि ज्याचा नंबर त्याला ७५,०००. हप्त्यापेक्षा रक्कम मोठी वाटत असेल तर तीस जण आणि अडीच हजार. कुणाला आधी, कुणाला नंतर मिळते, पण कुणाला कमी-जास्त मिळत नाही. लिलावाची भिशी मात्र टाळावी. त्यात गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि उरलेले इतर वाटून घेतात, ते व्याजाच्याच घरात जाते. आणि भिशी तोंडी नको. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. वही करा, नंबर लिहा, साक्षीदारांच्या सह्या घ्या. आपल्याकडे भिशी बुडते ती बहुधा बेइमानीने नव्हे, वही नसल्याने. काही ठिकाणी बिनव्याजी पतसंस्था आहेत, त्यांचे सभासद होऊन सहा महिने नियमित बचत केली तर कर्ज मिळण्याची सोय होते. कुणी ओळखीचा विक्रेता रोखीपेक्षा थोडी जास्त पण एकदाच ठरलेली किंमत हप्त्याने घ्यायला तयार असेल, आणि हप्ता चुकल्यास रक्कम वाढणार नसेल, तर तो व्यवहार वेगळा. त्यातील अटी आपल्या भागातील आलिमांना दाखवून मगच सही करावी.

तातडी नसेल त्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. त्यामुळे नव्या गाडीची किंमत उतरली, आणि नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. जुन्या गाडीचा विक्रेता आजही आधीच्या भावाची पावती दाखवत असेल तर त्याला हे सांगावे.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार ज्यांना स्वतःचे पार्किंग आणि मीटरला जोडलेला प्लग आहे त्यांनी जरूर करावा. शंभर किलोमीटरला सुमारे तीन युनिट वीज लागते, पेट्रोलपुढे ते काहीच नाही. पण चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खिडकीतून वायर सोडून चार्जिंग करू नये. पावसात जीव जाण्याची ती वाट आहे.

जुनी गाडी घेताना

रोखीने घ्यायचे म्हटले की बहुतेकांची नजर जुन्या गाडीकडे वळते, आणि ते योग्यच आहे. तीन-चार वर्षे वापरलेल्या शंभर सीसीच्या गाडीने आपली मोठी घसरण पहिल्या मालकाच्या खिशातून वसूल केलेली असते. पण कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आरसी बुकावर फायनान्सची नोंद असेल तर कर्ज फिटल्याचे फायनान्स कंपनीचे पत्र आणि फॉर्म ३५ मागावा, नाहीतर दुसऱ्याचे कर्ज आपल्या दारात उभे राहते. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात आणि १४ दिवसांच्या आत आरटीओत व विमा कंपनीकडे कळवावे. "नंतर करू" म्हणून वर्षानुवर्षे पहिल्याच्या नावावर फिरणाऱ्या गाड्या आपल्या वस्तीत कमी नाहीत. अपघात झाला की खरेदीदार आणि विकणारा दोघेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. गाडीच्या नंबरावर ई-चलन थकले आहे का, ते मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे सहाव्या वर्षी तो संपल्याचे कुणाच्या लक्षातच येत नाही. विम्याशिवाय पकडले गेले तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे. विम्याविषयी कुणाच्या मनात शरियतची शंका असली तरी रस्त्यावर दुसऱ्याचा जीव गेला तर भरपाई द्यावीच लागते आणि कायदा पाळावाच लागतो. हेल्मेट दोघांनाही, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला. जून २०२२ पासून मुंबईत मागच्यावरही कारवाई होते. टोपी ही हेल्मेट नव्हे. जुम्याच्या दिवशी टोपी खिशात ठेवावी आणि मशिदीच्या दारात काढावी.

गाडी पाहायला जाताना सकाळी, इंजिन थंड असताना जावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी पहिल्याच किकला सुरू होते आणि काही सांगत नाही. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरा. निळसर धूर किंवा ऑइलचे डाग दिसले तर पिस्टन रिंगचे काम निघालेले आहे. ते काम करून घेण्याचा खर्च गॅरेजवाल्याला आधी विचारावा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मागावी.